कळंबचा तांदूळ

बाजारातून परत येताना आमच्या ओळीच्या तोंडाशी एक जकात नाका लागायचा. नाक्यावर काकू बसलेल्या असायच्या. दारात पाट, पाटावर चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि नजर रस्त्यावर. हातात पिशवी घेऊन कोणी दिसली की, "बघू गं, काय आणलंस?" हे विचारून होईपर्यंत त्यांचा हात पिशवीत गेलेलाच असायचा.

तूरडाळीचा दाणा दाताखाली धरायच्या. गुळाला अंगठ्याचं नख लावायच्या. रवा पालथ्या हातावर चोळून उन्हात धरायच्या. मग विचारायच्या, "कुठून घेतलास? काय भावानं?" आपण सांगायचं. काकू क्षणभर डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "फसलीस गं, फसलीस!"

स्वस्त आणलं असेल तर मालात फसलीस, महाग आणलं असेल तर भावात फसलीस. न फसता घरी पोचलेली बाई मी आमच्या ओळीत पाहिली नाही.

ही ओळ म्हणजे कर्जतची रेल्वे क्वार्टर्स. मी लग्न होऊन खालापूरकडच्या एका खेड्यातून तिथं आले, ते बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या एखाद वर्ष आधी. काकूंचे यजमान आप्पा पार्सल ऑफिसात कारकून होते. मूलबाळ नव्हतं. आमची भिंत सामाईक, त्यामुळं त्यांच्याकडं फोडणी पडली की आमच्याकडं शिंका. सासूबाई म्हणायच्या, "काकू म्हंजे आपल्या ओळीची शान हाय." आणि काकूंनी पाठ फिरवली की म्हणायच्या, "बडा घर पोकळ वासा." दोन्ही मनापासून म्हणायच्या.

एका बाईच्या पिशवीत मात्र काकू कधी हात घालत नसत. ओळीच्या पार टोकाच्या खोलीत यशोदाबाई राहायच्या. त्यांचा नवरा सिग्नलच्या केबिनमध्ये होता. धर्मांतरानंतर बौद्ध झालेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खोली आरशासारखी लख्ख. यशोदाबाई बाजारातून आल्या की काकू लांबूनच विचारायच्या, "काय यशोदाबाई, झाला का बाजार?" "झाला, काकू," म्हणून त्या न थांबता पुढं जायच्या. यात काही वावगं आहे असं ओळीत कोणाला वाटत नव्हतं. यशोदाबाईंना वाटत असणार. पण त्यांना विचारतंय कोण!

तेव्हा माल घ्यायला तीन ठिकाणं होती. पेठेत शेटचं दुकान. माल एक नंबर, भाव चढे, आणि शेट पुडीला पांढरा दोरा असा गुंडाळायचा की सोडायला जिवावर यावं. दुसरं रेशनचं दुकान. तिथं रांग, आणि रांगेअंती मिळेल ते. दुष्काळात तर तिथं ती लाल परदेशी ज्वारी यायची, मिलो. काकू त्या रांगेवरून जाताना नाकाला पदर लावायच्या. "अगं, तिकडं ही डुकरांना घालतात!" तिसरं म्हणजे खोपोलीच्या कारखान्यांतल्या कामगारांचं भांडार. मोठा माल एकदम उचलायचे, म्हणून शेटपेक्षा पुष्कळ स्वस्त द्यायचे. आमच्याकडच्या कोणाकोणाचे भाऊ, मेव्हणे साजगावच्या बाजूला कामाला होते, ते कधी साखर, कधी तेल आणून द्यायचे. काकूंना भांडाराचं नाव काढलेलं खपत नसे. "ज्यांच्या पोटात गिरणी आहे त्यांनी खावं ते. माणसाच्या पोटाचं काम नाही. खाल्लेलं कोण बघतं असं वाटतं तुम्हाला, पण पाहुण्याला पहिल्या घासाला कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं, पण मुठीत काही असावं तर लागतं!"

एकदा ओळीतल्या बायकांनी त्यांची फिरकी घ्यायची ठरवली. एक चहा भांडाराच्या पावडरचा, एक शेटकडच्या, दोन्ही सारख्या कपांत. "काकू, ओळखा बघू." काकूंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा भांडाराचा. नुसता रंग." दुसरा घेतला. "अहाहा! हा शेटचा. याला म्हणतात चहा." बायका पोट धरधरून हसल्या, कारण नेमकं उलटं होतं. दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. काकूंनी तो भांडाराचा चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मग शेटनं भांडारातून उचललेला दिसतोय. उद्या जाऊन त्याला विचारते." आणि खरंच गेल्या. शेट हात जोडून त्यांना समजावत होता म्हणे!

पण नुसतं हसण्यावारी न्यावी अशी ती बाई नव्हती. पहिल्या खेपेला मला टायफॉइड झाला आणि पोटातलं गेलं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण आजारी सुनेला उठून काही करून घालावं हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. काकू सकाळ-संध्याकाळ वाटीवर ताटली झाकून आणायच्या. आत तांदळाची पेज, मिठाची कणी आणि तुपाचा थेंब. असा वास की मेलेलं माणूस उठून बसावं. "कळंबचा आहे," काकू सांगायच्या. "घरचा. ढोस मुकाट्यानं." मी ती पेज रडत रडत प्यायले आहे. त्या पेजेनं मी उठले, हे मी काकूंना कधी विसरले नाही, पुढं काहीही झालं तरी.

हे 'कळंबचा' म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताच्या मुलखात तांदूळ विकत आणून खाणं ही कमीपणाची गोष्ट. कोणाचा भाऊ, कोणाचा सासरा, घरटी कुठून ना कुठून पोतं यायचंच. काकूंच्या सासरची तर कळंबला मोठी जमीन होती. कुळं खंडाचं, म्हणजे जमीन कसायच्या मोबदल्याचं, भात गाड्या भरभरून आणून टाकायची. मग कूळकायदा आला आणि जो कसत होता त्याची जमीन झाली. हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. पण काकू सांगायच्या, "दोन खाचरं राहिलीत आमच्याकडं. घरच्यापुरता तांदूळ येतो. विकतचा तांदूळ या घरानं पाहिलेला नाही." आप्पा बिचारे राहिलेल्या कुळांशी कोर्टात भांडत होते. रजा टाकून तारखांना जायचे आणि परत आले की दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. पगार वकिलाच्या घरी जातोय, हे आम्हांला दिसत नव्हतं असं नाही. पण काकूंच्या पाटाकडं, कुंकवाकडं, बोलण्याकडं बघितलं की दिसलेलंसुद्धा पुसून जायचं.

दर गुरुवारी काकू दुपारच्या गाडीनं खोपोलीला जायच्या, थोरल्या बहिणीकडं. "अक्काला माझ्याशिवाय करमत नाही." संध्याकाळी परतायच्या तेव्हा हातात ही जड पिशवी, वरून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावताहेत. "अक्काच्या परसातल्या गं!" दोन-चार शेंगा आमच्याकडं यायच्या. आमटी झकास व्हायची. शेंगांच्या खाली काय आहे ते बघायला त्यांच्या पिशवीत हात घालील अशी दुसरी काकू ओळीत नव्हती.

आता सुमनचं लग्न.

सुमन गंगूबाईची मुलगी. गंगूबाईचा नवरा रुळांवर गेला, तेव्हा त्याच्या जागी तिला स्टेशनवर पाणी भरायचं काम मिळालं होतं. पोरीला स्थळ आलं कळंबचं. शेतीवाडीचं घर, मुलगा धट्टाकट्टा, मागणं काही नाही. फक्त मुलाचा आजा गोमाजी म्हणाला होता, "आमाला काय नको, बाय. वऱ्हाड नीट जेवलं पायजे." गंगूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा ओळीनं ठरवलं की भात आपला. घरटी एक पायली तांदूळ.

आमच्याकडं लग्नकार्यात अशी रीतच होती. सगळ्यांचा तांदूळ एका चादरीवर ओतायचा, बायकांनी भोवती बसून गाणी म्हणत निवडायचा, आणि मग एकत्रच शिजवायचा. यशोदाबाई पण पायली देणार म्हणाल्या, तेव्हा मात्र कुजबुज झाली. गंगूबाई ठाम होती, "माझ्या पोरीच्या लग्नाला जो देईल त्याचं मी घेनार." मग कोणीतरी मधला मार्ग काढला. यशोदाबाईंना सांगितलं, तुम्ही घरूनच निवडून आणा. चादरीवर बसायला नको, असा त्याचा अर्थ. यशोदाबाई "बरं" म्हणाल्या. त्यांनी घरातला तांदूळ दिलाच नाही. आपल्याकडंच सगळ्यांचं लक्ष राहणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेटच्या दुकानात जाऊन त्यातल्या त्यात महागाचा कोलम घेतला, घरी बसून एकेक दाणा निवडला आणि लग्नाच्या सकाळी आणून दिला.

चादरीवर आणखी एका घरचा तांदूळ आला नव्हता. काकूंचा. त्या लग्नाच्या दिवशी सकाळी आल्या, मागून आप्पा डबा घेऊन. "आमचा निवडलेलाच असतो. कळंबचा. आणि एक नाही हं गंगू, दोन पायल्या आहेत. आमच्या घराला एक पायली शोभत नाही." गंगूबाईचे डोळे भरून आले. काकूंनी स्वतःच्या हातानं तो तांदूळ धुवायच्या घंगाळात ओतला आणि सगळा हात घालून कालवून टाकला.

भाताचं पातेलं उघडलं तेव्हा आचाऱ्यानं कपाळावर हात मारला. आमचा सगळ्यांचा तांदूळ त्या हंगामातला, नवा. तो शिजून गिच्च गोळा झाला होता. आणि त्या गोळ्यात जाडे, पिवळट दाणे, करकरीत, कणी तशीच. वर गोणपाटाचा कुबट वास. आचारी म्हणाला, "बायांनो, ह्यात काय घातलंत? एक शिजतोय तर दुसरा शिजना!" दुसरा भात टाकायला वेळ नव्हता. पंगत बसली होती. वाढावाच लागला.

कळंबची माणसं. त्यांचं सगळं आयुष्य भाताच्या चिखलात गेलेलं. एकानं घास तोंडात घातला आणि थांबला. दुसऱ्यानं पत्रावळीच्या कडेला काढून ठेवला. कुजबुज पंगतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. गोमाजीनं एक दाणा चिमटीत धरून दाबला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "ह्यो आपल्या मातीतला नाय. ह्यो रेशनचा नायतर भांडाराचा." नवऱ्याचा चुलता चढ्या आवाजात म्हणाला, "आमाला रेशनचा भात घालताय काय?" आणि पत्रावळ ढकलून उठला. त्याच्यामागं आणखी दोन-चार उठले. गंगूबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. बोहल्यावरून उतरलेली सुमन हळदीच्या अंगानं तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"आमचा तर चादरीवर निवडलाय, सगळ्यांच्या देखत," बायका एकमेकींना सांगू लागल्या. "मग न निवडलेला कोणाचा?" आणि एक आवाज आला, "तरी मी म्हनत व्हते, त्या टोकाच्या घरचं घेऊ नका. घेतलंत ना? भोगा आता!" हा आवाज माझ्या सासूबाईंचा होता. आज त्या नाहीत, पण हे लिहिताना माझी मान खाली जाते ती जातेच.

यशोदाबाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. पुढं आल्या. आवाज चढवला नाही. "म्या शेटच्या दुकानातनं आणलाय. पैल्या नंबरचा. शेट हाय पेठेत, जाऊन इचारा की." पेठ पाच मिनिटांवर होती. कोणी गेलं नाही. कोणी म्हणालं, "असं कोणी कबूल करतं होय!" मग गंगूबाईनं चाचरत विचारलं, "पन मग... दुसरा न निवडलेला तर काकूंचाच." त्यावर सगळ्या तिच्या अंगावर आल्या. "काहीतरीच काय बोलतेस! काकूंचा कळंबचा!"

हे ऐकून गोमाजीनं वर पाहिलं. म्हातारा काकूंच्या सासरचं जुनं कूळ. यांच्या वाड्यावर खंडाच्या गाड्या त्यानं स्वतः हाकल्या होत्या, आणि ओसरीखाली बसून जेवला होता. काकूंच्या घरी कळंबहून भाताचा एक दाणा जात नाही, हे त्या मांडवात त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं काकूंकडं पाहिलं. काकू हातात वरणाचा डाव घेऊन उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. ओठ हलल्यासारखे वाटले. म्हाताऱ्यानं नजर खाली वळवली. जुन्या मालकिणीची अब्रू भर पंगतीत कशी काढायची! त्यानं उठलेल्यांना हाक मारली, "बसा रं. पुरी हाय, भाजी हाय. भात नको तर नको." आणि मांडवाच्या कडेला बघून म्हणाला, "बाय, तू जा घरला."

यशोदाबाई गेल्या. काकूंच्या हातातला डाव तसाच.

वऱ्हाड पुऱ्यांवर जेवलं, सुमन सासरी गेली. तिथं तिचं नाव पडलं 'रेशनवाली'. सणावाराला, कामात चूक झाली की, कोणी पाहुणा आला की, "ही आमची रेशनवाली." माहेरी आली की गंगूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. आणि आमच्या ओळीत यशोदाबाईंकडं हळदीकुंकवाची बोलावणी आधीही जात नव्हती, आता साधी विचारपूसही थांबली. त्यांनी पण ओळीचं नाव टाकलं.

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. काकू आजारी पडल्या, अंथरुणावरून उठेनात, एवढंच दिसत होतं. मीही मग पेज करून नेली. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. "तांदळाचं नको काही," म्हणाल्या. पुढं बऱ्या झाल्या, पाट परत दारात आला, पण हात कोणाच्या पिशवीत गेला नाही. बायका आपणहून पिशवी पुढं करायच्या, "बघा ना काकू, फसले का मी?" काकू म्हणायच्या, "चांगलंच असेल." गुरुवारच्या शेंगा मात्र चालू होत्या.

वर्षं गेली. आप्पा नोकरीत असतानाच वारले, आणि काकूंना क्वार्टर सोडायला काही महिन्यांची मुदत मिळाली. कळंबचा निकाल त्यांच्या आधीच विरुद्ध लागला होता. सासूबाई गेल्या. ओळीत नवी माणसं आली. आणि भांडाराची एक शाखा कर्जतलाच निघाली, स्टेशनच्या बाजूला. उद्घाटनाला ही झुंबड! ज्या बायका भांडाराच्या नावानं नाक मुरडायच्या त्या सकाळी सहापासून रांगेत. स्वस्त ते स्वस्त, आणि आता माल पण बरा यायला लागला होता.

त्या दिवशी रांगेत माझ्यापुढं काकू होत्या. उघड्यावर, रांगेत, काकू! अंगावरचं लुगडं विरलेलं, पाठीला बाक. त्यांच्या पुढं दोन-तीन बायका सोडून यशोदाबाई. यशोदाबाईंचा नंबर आला. साखर घेतली, साबण घेतला, तेल घेतलं. माप करणारा म्हणाला, "तांदूळ चांगला आलाय, बाई." "तांदूळ नको," यशोदाबाई म्हणाल्या. "तांदूळ मी शेटकडनंच नेते."

आमच्या ओळीत नवीनच आलेली एक बाई खिदळली. शेजारणीला म्हणाली, "बघ की तोरा! साबण हितला आन तांदूळ शेटचा. हीच ना ती, लग्नात रेशनचा तांदूळ देऊन पंगत उठवलेली? माझ्या सासूनं सांगितलंय मला."

यशोदाबाईंनी ऐकलं. पिशवीचे बंद आवळले. आणि काकू रांगेतून बाहेर आल्या.

"तो तांदूळ हिचा नव्हता," काकू म्हणाल्या. आवाज चिरकला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तो माझा होता. कळंबचा नव्हता. खोपोलीच्या भांडारातला होता. दर गुरुवारी मी तिथूनच आणत होते. अक्का तर केव्हाच पुण्याला मुलाकडं गेली होती. शेंगा मी बाजारात घ्यायची, वर झाकायला." श्वास घ्यायला थांबल्या. "पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी शेटचा तांदूळ डब्यात जपून ठेवायची. पण दोन पायल्या कुठून आणू? एक दिली असती तर डब्यातली भागली असती. मला दोन द्यायच्या होत्या. यशोदाबाई, मी चुकले."

म्हणजे मला उठवणारी ती पेज कळंबची नव्हतीच. स्वतः भांडाराचे करकरीत दाणे चावून या बाईनं शेटचा डबा माझ्यासाठी उघडला होता. आणि त्याच बाईनं भर मांडवात दुसरीला बुडू दिलं होतं. दोन्ही खरं. मला काकूंना मिठी मारावीशी वाटली आणि त्यांच्याकडं बघायची लाजही वाटली.

यशोदाबाई वळल्या. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली.

"त्या दिसातली हितं कोन हाय, काकू? ही एक सोडली तर," माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "बाकीच्या समद्या नव्या. गंगू न्हाय, सुमन न्हाय, त्यो म्हातारा न्हाय. माझं नाव गेलं कळंबच्या वऱ्हाडाम्होरं. आन तुमी कबूल करताय साबणाच्या लायनीत." पिशवीचा बंद पुन्हा ओढला. "मला म्हाईत नव्हतं व्हय कोनाचा त्यो? दोनच तर न निवडलेले व्हते. तवापासनं शेटचा तांदूळ खाते मी. परवडो न परवडो. पोरांची कापडं ऱ्हायली, पन तांदूळ शेटचा. कोनी परत बोट दाखवू नये म्हनून. हितं बोलून लई स्वस्तात सुटताय, काकू."

पिशवी उचलून त्या निघून गेल्या.  

 काकूंनी आपली पिशवी माझ्या हातात दिली. "सूनबाई, माझा तांदूळ घेऊन ठेव. भांडाराचाच. आणि नेताना वर काही झाकू नकोस." आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. मी हाक मारली. त्यांनी मागं पाहिलं नाही. मी पिशवी उघडी धरून ओळीतून गेले. दोघी-तिघींनी विचारलं, "कोणाचा गं?" मी सांगितलं, "काकूंचा."

पुढचं मला सुमननं सांगितलं. दुपारच्या उन्हात काकू तिच्या सासरच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. ज्या गावात यांच्या घराण्याच्या नावानं माणसं बाजूला व्हायची त्या गावात. गोमाजी थकला होता, बाजेवर होता, तरी उठायची धडपड करायला लागला. "मालकीनबाई, वर या, बसा." काकू बसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोमाजी, तुला माहीत होतं. तू माझी लाज राखलीस, पण दुसरीची घालवून. सगळ्यांना बोलाव." घरातली सगळी अंगणात आली, शेजारपाजारचीही. काकूंनी सगळं सांगितलं, एकदम, न थांबता. मग सुमनपुढं हात जोडले. नवऱ्याचा तो चुलता सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हंजे आमचं भात यायचं बंद झालं तवापासनं तुमी भांडाराचं खाता व्हय?" आणि हसला. काकू "हो" म्हणाल्या. पाणी न पिता परतल्या. सुमनचं ते नाव हळूहळू सुटलं. पण हसणारेही होतेच की. काकूंचं नाव कळंबात अजून काय घेतात, ते मी लिहीत नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत भाचा येऊन काकूंना पुण्याला घेऊन गेला. जायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी काकूंच्या दारात उभी होते. काकू पाटावर. बाजारातून यशोदाबाई येत होत्या. त्यांच्यापर्यंत कळंबची हकीकत पोचली होती. सुमन स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगून आली होती. त्या जवळ आल्या तेव्हा मला पिशवी दिसली. तोंड उघडं, आणि आत वरपर्यंत तांदूळ. जाडा, पिवळट. भांडाराचा.

काकूंनी पाहिला. इतक्या वर्षांनी त्यांचा हात सवयीनं पुढं झाला, पिशवीपासून वीतभर अंतरावर गेला, आणि तिथं थांबला. यशोदाबाईंना तो हात दिसला. त्या थांबल्या नाहीत. पिशवी त्या हातासमोरून तशीच पुढं गेली आणि टोकाच्या खोलीत शिरली. काकूंनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला, आणि वर दुसरा हात ठेवून तो झाकला.